कॅम्पर ट्रेलरच्या मागील झाकणाला बिजागरी बसवताना

घरी बनवलेल्या टीअरड्रॉप ट्रेलरचे (थेंबाच्या आकाराच्या छोट्या कॅम्पर ट्रेलरचे) मागील झाकण ४ ते ५ फूट रुंद असते, त्यामुळे बिजागरी जराशी तिरकी बसली तरी झाकण एका कोपऱ्यात घासते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पावसाचे पाणी आत येते.

यासाठी बिजागरीआधी झाकणाची जागा पक्की करावी. झाकण जागेवर ठेवून कडेच्या फटींत ३ मिमी जाडीच्या प्लायवूडच्या चिपा खोचाव्यात आणि फटी सारख्या दिसू लागल्या की झाकण चिकटपट्टीने घट्ट धरून ठेवावे. मग पूर्ण रुंदीची सलग पियानो बिजागरी वर ठेवून दोन्ही पात्यांना फक्त टोकांचे आणि मधला स्क्रू लावावा, चिपा व चिकटपट्टी काढावी आणि झाकण सावकाश उघडून-मिटवून पाहावे. कुठे घासत असेल तर दुरुस्ती याच वेळी करावी. सर्व भोके पाडून झाल्यावर ती फार अवघड जाते. सगळे जुळले की बिजागरी काढून तिच्याखाली ब्यूटाइल टेप (पाणी रोखणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावावी, त्याच भोकांवर ती पुन्हा बसवावी आणि मगच उरलेले स्क्रू आवळावेत.

स्क्रू नुसत्या पातळ प्लायवूडमध्ये न जाता खालच्या भरीव लाकडी आडपट्टीत गेलेच पाहिजेत, कारण गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारे वायूच्या दाबाचे दांडे) लावल्यावर झाकण मिटलेले असतानाही या स्ट्रटचा दाब बिजागरीवर येत राहतो.