दुर्मीळ इंग्रजी आडनावाचे मूळ कसे शोधावे

स्मिथसारखे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले असल्यामुळे त्याच्या प्रसाराच्या नकाशावरून मूळ कळत नाही. दुर्मीळ आडनाव मात्र पुष्कळदा एका गावापर्यंत, क्वचित एकाच घराण्यापर्यंत पोहोचवते. गांधीजींवरील चित्रपटाच्या दिग्दर्शकामुळे आपल्याकडे परिचित असलेले ॲटनबरो हे आडनाव उदाहरणादाखल घेऊ.

शोध अलीकडच्या काळाकडून मागे न्यावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिच्या सूचींतून हे आडनाव कोणत्या नोंदणी-जिल्ह्यांत आढळते ते टिपून घ्यावे आणि त्याला १८८१ च्या जनगणनेची जोड द्यावी. येथे केवळ माणसे मोजणे फसवे ठरते, कारण लंडनमध्ये प्रत्येक आडनावाची थोडीफार माणसे सापडतातच. म्हणून दर दहा हजार लोकसंख्येमागे त्या आडनावाची किती माणसे होती, हे प्रमाण काढावे. तसे केल्यास ॲटनबरोंचा भर नॉटिंगहॅमशर आणि शेजारच्या डर्बीशरवर दिसतो, आणि नॉटिंगहॅमच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो नावाचे गावही आहे.

तरीही जुन्या नोंदी त्या गावातच मिळतील असे धरून चालू नये. चिपळूण सोडून गेलेल्यालाच लोक चिपळूणकर म्हणतात. तसेच इथेही घडलेले असू शकते, म्हणून आसपासच्या पॅरिशांची, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांची, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची दप्तरे आधी चाळावीत. ही दप्तरे ठेवण्याचा आदेश १५३८ सालचा असला, तरी सर्वच ठिकाणची दप्तरे तेव्हापासूनची टिकलेली नाहीत. ती उणीव १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होणाऱ्या मृत्युपत्रांनी काही अंशी भरून निघते. लेखनिक उच्चारानुसार लिहीत असल्यामुळे वर्णलेखनाचे सर्व पर्याय तपासणे अपरिहार्य आहे. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवणे मात्र कटाक्षाने टाळावे; या क्षेत्रातील बहुतेक दंतकथा तिथूनच जन्मतात.

कागद संपल्यावर वाय गुणसूत्राची चाचणी उपयोगी पडते, कारण आडनावाप्रमाणे तेही पित्याकडून पुत्राकडे जाते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत समान पूर्वजाची खूण ठळकपणे आढळली, स्मिथांत ती जवळजवळ नव्हतीच. मात्र एखाद्याचे गुणसूत्र वेगळे निघाले म्हणून त्याची शाखा यादीतून काढू नये. दत्तकविधान, विवाहबाह्य जन्म किंवा आईचे आडनाव लावणे यांमुळेही असा फरक पडतो.