शुभवर्तमानाच्या आरंभीच्या कथांतून जगण्यासाठी बोध कसा घ्यावा

बायबलच्या नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानाच्या (येशूच्या जीवनकथेच्या) पहिल्या दोन अध्यायांत येशूचा बाप्तिस्मा, अरण्यातील चाळीस दिवस, गालील समुद्राकाठच्या कोळ्यांना झालेले पाचारण, कफर्णहूमच्या सभास्थानातील शिक्षण आणि अनेक रोग्यांचे बरे होणे हे सारे भराभर घडत जाते. या वेगाबरोबर वाचकही घाई करतो आणि प्रत्येक कथेखाली ‘विश्वास ठेवावा’, ‘प्रार्थना करावी’ असा ठरावीक बोध लिहून मोकळा होतो. असा बोध चुकीचा नसतो, पण तो कोणत्याही कथेला लावता येत असल्यामुळे समोरच्या कथेचे म्हणणे ऐकायचेच राहून जाते.

म्हणून प्रथम एकच प्रसंग निवडावा आणि तो कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे नक्की करावे. येथे आपण कुष्ठरोग्याला शुद्ध केल्याचा प्रसंग (मार्क १:४०-४५, म्हणजे अध्याय १, वचने ४० ते ४५) घेऊ. तो सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचावा. त्या वेळी वचनांचे स्पष्टीकरण करणारे भाष्य किंवा प्रवचन जवळ घेऊ नये.

त्यानंतर वहीत प्रत्येक व्यक्तीसाठी एक रकाना आखून कोणी काय केले, एवढेच क्रमाने लिहावे. कुष्ठरोगी येतो, गुडघे टेकतो, विनंती करतो. येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करतो, स्पर्श करतो, बोलतो. मग कुष्ठ जाते. या क्रमाकडे नीट पाहावे, कारण माझ्या मते कथेचे मर्म येथेच आहे: तो मनुष्य शुद्ध झाल्यावर येशूने त्याला हात लावला असे नाही, तर तो अशुद्ध मानला जात असतानाच लावला.

त्या स्पर्शाचे मोल कळण्यासाठी पार्श्वभूमी पाहावी लागते. जुन्या करारातील लेवीय या नियमांच्या पुस्तकातील १३:४५-४६ नुसार अशा मनुष्याने फाटके कपडे घालावेत, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे, असा नियम होता. शास्त्रातील ‘कुष्ठ’ या शब्दात त्वचेचे निरनिराळे विकार येतात, आणि आजचा कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. त्यामुळे या कथेच्या आधारे आजच्या कोणत्याही रुग्णाला अशुद्ध म्हणणे किंवा दूर ठेवणे हा कथेवरच अन्याय ठरेल.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: ‘मी काय करावे?’ याआधी ‘येथे येशू कसा दिसतो?’ हे विचारावे. शेवटच्या वचनात त्याला उघडपणे नगरात जाता येईनासे झाले आणि तो बाहेर ओसाड ठिकाणी राहिला, असे मार्क सांगतो. ज्याला बाहेर राहावे लागत होते तो आत आला, आणि ज्याने त्याला आत आणले तो बाहेर राहिला. हे मनात रुजल्यावर आपल्या कृतीला कर्तव्याच्या ओझ्याऐवजी कृतज्ञतेचे बळ मिळते.

मग कथेत जे घडले आणि जे आपण करावे, यांतला फरक ओळखावा. बऱ्या झालेल्या मनुष्याला कोणाला काही न सांगता याजकाकडे (मंदिरातील पुरोहिताकडे) जाण्याची सक्त ताकीद होती, तरी त्याने बातमी सगळीकडे पसरवली. त्याचा आनंद आपल्याला समजतो, पण मार्क त्याच्या वागण्याची स्तुती करत नाही. उलट त्यामुळे येशूच्या जाण्यायेण्यात आलेली अडचण नोंदवतो. उत्साह म्हणजेच आज्ञापालन असे समजणाऱ्या प्रत्येकाने येथे थांबून विचार करावा. मात्र ‘कोणाला सांगू नको’ ही ताकीद त्या मनुष्याला त्या वेळी दिलेली होती. मत्तयकृत शुभवर्तमानातील (२८:१९-२०) सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याच्या आज्ञेपुढे ती ठेवली, तर साक्ष देऊ नये असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

आता एकच कृती ठरवावी आणि ती आठवडाभरात होईल एवढी नेमकी असावी. ‘मी सर्वांवर प्रेम करीन’ असे न लिहिता, आपल्या चर्चच्या मंडळीतील किंवा शेजारची जी व्यक्ती आजारपणामुळे, अपयशामुळे किंवा बदनामीमुळे एकटी पडली आहे, तिचे नाव लिहावे. तिच्याकडे जावे, तिच्याजवळ बसावे; त्यासाठी आधी ती सुधारण्याची वाट पाहू नये. याच अध्यायात पहाटे अंधार असताना येशू एकांतात प्रार्थना करतो (१:३५). जाण्यापूर्वी त्या व्यक्तीसाठी तशी वेळ काढावी.

शेवटी आपला निष्कर्ष दोघातिघांसमोर मांडावा, शक्यतो पाळकांसमोर किंवा शास्त्राभ्यासाच्या गटात, कारण एकट्याने वाचताना आपल्याला सोयीचे तेच दिसण्याचा धोका असतो. पुढच्या बैठकीसाठी छप्पर उघडून चौघांनी येशूसमोर खाली सोडलेल्या पक्षघाती (लकवा झालेल्या) मनुष्याचा प्रसंग (२:१-१२) घ्यावा. तेथे येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे म्हटले आहे, म्हणून त्या चौघांसाठी वहीत वेगळा रकाना ठेवावा.