सभा शांततेत पार पाडायची आहे? मग या चुका टाळा

नुकतीच बढती मिळालेले मुख्याध्यापक भेटले की हमखास विचारतात, "सर, पालकसभा शांततेत कशी पार पाडायची?" मला या प्रश्नाचाच वैताग येतो. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा म्हणून, शांततेत पार पडलेल्या सभांची प्रोसिडिंग बुकं (सभेच्या नोंदवह्या) मी ढिगाने चाळली आहेत. पानोपानी "सर्वानुमते मंजूर". आणि आठवड्याभरात त्याच शाळेला टाळं ठोकायला निघालेला गाव! मतभेदाला शाळेत जागा दिली नाही की तो पारावर जाऊन बसतो. तिथे ना अध्यक्ष असतो, ना कोणी कोणाचं पुरतं ऐकून घेतं.

अवघड विषय ऐनवेळच्या विषयांत ढकलणे

ही सगळ्यांत जास्त दिसणारी आणि माझ्या सगळ्यांत डोक्यात जाणारी चूक. अजेंड्यावर पटसंख्या, परसबाग, स्वच्छतागृहाची दुरुस्ती. सगळ्यांत शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय", आणि नेमका पेटणारा विषय त्यात. तोवर चहा आलेला असतो, बायकांना घरची घाई असते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, झालं. गैरहजर सदस्यांच्या सह्यांसाठी दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोरांच्या हाती घरोघर. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या, त्या काय सहीपुरत्या?

नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा शासन निर्णय आला. अंडं न खाणाऱ्याला केळं. एका शाळेत (गावाचं नाव कशाला) माळकरी घरं बरीच, आणि रोजंदारीवर जाणारी घरंही तितकीच. मुख्याध्यापकांनी ठराव ऐनवेळच्या विषयात उरकला. पहिल्याच बुधवारी गोंधळ नको म्हणून अंडंवाल्यांची एक पंगत आणि केळंवाल्यांची दुसरी बसवली. हेतू चांगला असेलही. पण दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला की शाळेत पुन्हा वेगळ्या पंगती सुरू झाल्या. दुसरीकडून "आमच्या पोरांना बाटवता काय" म्हणत माळकरी मंडळी फाटकावर. दोन्ही बाजूंचे अर्ज पंचायत समितीत गेले आणि मला तिकडे धाडण्यात आलं.

मुख्याध्यापकांना हात वर करून मोजणी हवी होती. मी म्हटलं, मोजणी शेवटी, लागलीच तर. पुन्हा सभा लावली, विषय एकच. नियमही एकच: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं, तो "हो, हेच" म्हणाला की मगच आपलं. आपल्याकडे जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, तेच हे. मी काही नवीन शोधलेलं नाही.

एका आबांना म्हटलं, या ताईंचं म्हणणं सांगा. आबा म्हणाले, "फुकट मिळतंय तर खाऊ द्या, म्हणतीय ती." ताईंनी मान हलवली. "नाही आबा. घरात चार अंडी आणली तर ती कर्त्या माणसांच्या ताटात जातात. माझ्या पोरीच्या वाट्याला येतं ते शाळेतलंच." आबा थोडा वेळ गप्प बसले, मग नीट सांगितलं. आता ताईंची पाळी. त्या म्हणाल्या, "आबांना आमची पोरं शेजारी जेवायला नकोत." आबा उसळले, "कोण म्हणतं? बसू दे की शेजारी! ज्या पातेल्यात अंडी उकडता त्यातच दुसऱ्या दिवशी खिचडी टाकता, त्याचा राग आहे मला."

सगळ्यांनी स्वयंपाकी ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पातेलं एकच दिलंय मला."

गाव तापला होता तो अंड्यावरून नव्हे, एका पातेल्यावरून आणि दोन पंगतींवरून. अंड्यांना वेगळं पातेलं, पंगत एक, केळं आणि अंडं एकाच वेळी वाढायचं, एवढाच ठराव झाला. सभेला तास-दीड तास लागला, म्हणून मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. अर्जांना उत्तरं लिहिण्यात त्यांचे किती तास गेले, ते मात्र त्यांनी मोजले नव्हते. पुढे जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्याचा निधीच थांबवला, तो वेगळा वैताग. पण त्या ताई आजही समितीत बोलतात.

तेव्हा अवघड विषय अजेंड्यावर पहिला घ्या, जमलं तर एकटाच. आणि ज्याचा विरोध आहे त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत प्रोसिडिंगमध्ये लिहा, वाचून दाखवा, मग सही घ्या. "साहेब विचारतील विरोध का नोंदवला" ही भीती मला नेहमी ऐकवली जाते. विचारू द्या. विरोध नोंदवलेला माणूस सहसा अर्ज घेऊन फिरत नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा "घेणे"

एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय आला, 17 जूनला सुधारित निर्णय आला आणि 29 जूनला दोन्ही रद्द झाले. मधल्या काळात एका मुख्याध्यापकांनी ग्रुपवर टाकलं, "पालकांनी आपली मते कळवावीत." मध्यरात्रीपर्यंत मतं येत होती. मग आडनावं निघाली, मग कोण कुठून आलं ते निघालं. निर्णय रद्द झाला तरी त्या ग्रुपवरच्या दोन आया फाटकावर एकमेकींकडे बघत नाहीत, आणि त्यांची मुलं एका बाकावर बसतात. ग्रुप सूचनांपुरता ठेवा, तिथे फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा. कोणी मत मांडू लागलं की मी एवढंच लिहितो: "उद्या साडेदहाला या, चहा घेऊ." निम्मे येतच नाहीत. जे येतात त्यांच्याशी बोलणं होतं.

वादविवाद स्पर्धा घेतली की मुलं विचारी झाली असं समजणे

"मोबाईल: शाप की वरदान?" हा विषय बंद करायचा अधिकार मला मिळाला तर मी त्याच दिवशी पत्र काढीन. भाषण काकांनी लिहिलेलं, हातवारे बाईंनी बसवलेले, आणि समोरचा काय बोलला हे विचारलं तर पोराला आठवत नाही. कारण तो मनात आपलं पुढचं कडवं घोकत होता. स्पर्धा घ्या, वक्तृत्वाला माझा विरोध नाही. पण परिपाठानंतरची दहा मिनिटं वेगळी ठेवा. मुलांच्या रोजच्या जगण्यातला विषय घ्या: मधल्या सुट्टीत मैदान आधी कोणाला, मोठ्यांना की लहानांना? पाच मिनिटांनी बाजू बदलायला लावा. सातवीतली पोरं पहिल्यांदा हसतात, चिडतात, "सर, पण मला असं वाटत नाही" म्हणतात. तेच तर हवंय. बक्षीस नको, गुण नकोत. बक्षीस आलं की काका आलेच.

बाकीच्या, पटकन

शिक्षक खुर्च्यांवर आणि पालक सतरंजीवर बसवून "मोकळेपणाने बोला" म्हणू नका. सगळे खाली बसा नाहीतर सगळे वर.

सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्यांनी येऊ नये अशी सोय. वेळ त्यांना विचारून ठरवा.

वाद मिटवायला गावच्या पुढाऱ्याला बोलावू नका. तो मिटवतो, पण मग प्रत्येक वाद त्याच्याच दारात जातो.

मुलांनी "सर, तुमचं मत काय?" विचारलं तर वर्गात लगेच सांगू नका. तुमचं मत ऐकलं की चाळीस मुलांचं तेच होतं. तास संपल्यावर विचारलं तर सांगा, कारणासकट.

"आपण सगळे एकच आहोत" या वाक्याने सभा सुरू करू नका. एकच असतो तर सभा कशाला बोलावली असती?

आणि आवाज चढले की सभा तहकूब करायची घाई नको. मी अशा वेळी प्रोसिडिंग लिहिणाऱ्या शिक्षकांना शेवटची चार वाक्यं मोठ्याने वाचायला सांगतो. आपलं बोलणं कागदावरून ऐकू आलं की बरेच जण स्वतःच म्हणतात, "तसं नको लिहू, असं लिही." एखादा तरीही उठून जातो. जाऊ द्या. तो किती वाजता गेला ते लिहा, आणि पुढच्या सभेची नोटीस सगळ्यांत आधी त्याच्या घरी पोचवा, शिपायाच्या हाती नव्हे, स्वतः.