उंदराचा कान बघायला निघण्याआधी

महाबळेश्वरच्या रानात उंदीर-चिचुंद्र्यांवरच्या पिसवा-गोचीड गोळा करायला निघताय, तर वनखात्याच्या परवानगीची प्रत सगळ्यात आधी सॅकमध्ये टाका. पिंजरे घडीचे, पत्र्याचे. आमिषाला भाजलेले शेंगदाणे भाकरीच्या चुऱ्यात कुटून न्या. शेंगाची चटणी मात्र आपल्या डब्यातच राहू द्या. पिंजरे संध्याकाळी लावून सकाळी ऊन चढायच्या आत बघायचे असतात, तेव्हा बॅटरी चार्ज करूनच निघा.

खरा जीव पिशव्यांत आहे. पांढऱ्या कापडाच्या, एका उंदराला एक. प्राणी गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि शिवणीत दडतात, म्हणून रिकामी पिशवीही उलटी करून झटकायची. मागच्या खेपेला मी दोन उंदीर एकाच पिशवीत कोंबले. कुठली पिसू कुणाची, शेवटपर्यंत कळलं नाही.

एनॅमलचा पांढरा ट्रे, उवांची बारीक फणी, टोकदार चिमटा, सुई, भिंग, 70 टक्के अल्कोहोलच्या कुप्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आतच टाका, पेनची शाई अल्कोहोलात उतरते. फणी फिरवून झाली की कान उलटा. आत नारिंगी पूड सांडल्यासारखं दिसलं तर ती चिगर माइटची (गोचिडाच्या नात्यातला बारीक जीव) पिल्लं, सहा पायांची. ओढाल तर तोंड कातडीतच तुटेल. ओल्या सुईने हळू खरवडा. मोठा झालेला माइट मातीत राहतो, तो कुणाच्या अंगाला लागत नाही.

गवतातल्या गोचिडांसाठी आपला सोलापुरी टर्किश टॉवेल, पण पांढराच. काठीला बांधून गवतावरून ओढायचा. टॉवेलच्या फासांत पाय अडकून त्या चिकटून येतात.

आता स्वतःचं. पँट मोज्यात खोचा, बाह्या पूर्ण. गोचीड चावलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा; रॉकेल नको, काडी तर नकोच. चिगर चावल्यामुळे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. माकडताप गोचिडांचा; 1957 मध्ये शिमोग्याकडे ओळखला गेला, पुढे सिंधुदुर्गातही आला. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा, आणि काखेत, जांघेत काळी खपली, म्हणजे चिगर चावल्याची खूण, आहे का बघा.

घरी आल्यावर सॅक आत नेऊ नका. कपडे थेट गरम पाण्यात, आणि सॅक दिवसभर गच्चीवर.