घोडबंदर रोडला राहून पॉडकास्टचा आवाज साफ कसा करायचा

आमच्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला रेकॉर्डिंगमध्ये डंपर फुकट मिळतात. टूल निवडायचं तर तीसेक सेकंदांचा सगळ्यात घाण तुकडा कापा, ज्यात पंखा, हॉर्न आणि बोलणं सगळं एकत्र आहे, आणि तोच अडोबी पॉडकास्ट, ऑफोनिक (ही दोन एआयने आवाज साफ करणारी वेबसाइटवरची टूल्स) आणि ऑडॅसिटी (कॉम्प्युटरवरचं ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर) तिन्हीत टाकून बघा. तिन्हींचा व्हॉल्यूम सारखा करूनच हेडफोनवर ऐका हां, नाहीतर जो मोठा तोच भारी वाटतो. लक्ष शब्दांच्या शेवटाकडे ठेवा, एआय जास्त लावलं की शेपटं खातं आणि माणसाचा रोबो होतो. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला आधी नुसत्या पंख्याचा नमुना द्यावा लागतो, त्यामुळे एकसुरी घरघरीला मस्त, हॉर्नला बेकार. ऑफोनिक महिन्याला 2 तास फुकट देतं, लेव्हल, म्हणजे आवाज कुठे मोठा कुठे बारीक, तेपण तेच जुळवतं. मूळ फाइल डिलीट करू नका.