कोकण किनाऱ्यासाठी ॲप बनवताय? या चुका टाळा

बंदरावर मच्छीमारांसाठी एखादं नवं ॲप आलं आणि चार दिवसांत वापरातून गेलं, की 'लोकांना शिकवायला हवं' असं लगेच म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. बिघाड बहुतेक वेळा स्क्रीनवरच्या मांडणीत असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

सगळ्यात जास्त गोंधळ भरती-ओहोटीच्या पानावर. तिथे आधी इंग्रजी तारीख निवडायची आणि मग मीटरमधल्या उंचीचा तक्ता वाचायचा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीचा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. तेव्हा तिथी सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत द्या, खाली नेमकी वेळ, मीटरचा आकडा शेवटी. मग तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ॲपचं उत्तर स्वतःच्या हिशेबाशी ताडून बघतो, आणि विश्वास तिथूनच सुरू होतो. पाऊणपट ढोबळ असते, त्यामुळे थोडा फरक पडणारच. दाखवलेली वेळ कोणत्या बंदराची हे शेजारी लिहिलं नाही, तर ॲपच चुकलं असं वाटेल.

खोलीचंही तेच. मीटरच्या जोडीला वाव द्या. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याच्या सूचना देते. त्यांत अक्षांश-रेखांशासोबत किनाऱ्यावरच्या ओळखीच्या ठिकाणापासूनची दिशा, अंतर आणि खोलीही असते. ॲपमध्ये नुसते अक्षांश-रेखांश उचलू नका. जीपीएसला ते लागतात, पण डिझेल जाळून तिकडे जायचं की नाही, हे दिशा आणि अंतर बघून ठरतं.

बटणं लहान आणि चिकटून ठेवणं ही चूक तर बोटीवर फारच महागात पडते. ओलं बोट टचस्क्रीनला नीट कळत नाही, त्यात होडीही हलत असते. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. 'जतन करा' आणि 'पुसा' शेजारी-शेजारी कधीही नकोत.

रेंज गेली की भरलेली माहिती फोनमध्येच राहू द्या, रेंज आल्यावर आपोआप पाठवा. आणि 'अवैध इनपुट' हा चुकीचा संदेश काढून टाका. 'वजन किलोमध्ये, आकड्यात लिहा' असं सरळ सांगा.

चाचणीसाठी मासेमारी बंदीचा काळ, १ जून ते ३१ जुलै, सोयीचा. बोटी किनाऱ्याला असतात, माणसं भेटतात. फोन हातात द्या, काहीही समजावू नका, कुठे अडतात ते लिहून घ्या. मात्र ही चाचणी कोरड्या हातांची आणि स्थिर जमिनीवरची. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की परवानगी घेऊन एका फेरीला सोबत जा आणि तीच कामं पुन्हा करून घ्या.