लेखकाच्या घरात मागच्या दाराने

मी तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात नोकरीला लागले, त्या सुमारास आनंद यादवांचं ‘झोंबी’ नवं होतं. पुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला होता? नाव वाचलं, दाखल रजिस्टरमध्ये चढवलं आणि क्रीडा विभागात ठेवून दिलं, मल्लविद्येच्या दोन पुस्तकांना टेकवून. तालमीत जाणारा एक मुलगा ते घरी घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आणून दिलं आणि म्हणाला, “बाई, कुस्ती कुठंच नाही ह्यात. पण दुसरा भाग असला तर द्या.” काही वर्षांनी गंगाधर गाडगीळांचं ‘एका मुंगीचे महाभारत’ आलं, ते मी बालविभागात लावलं. दोन्ही आत्मचरित्रं निघाली. मग मात्र चरित्र-आत्मचरित्रांचं कपाट मी स्वतः वाचून लावायचं ठरवलं. त्या कपाटापुढे उभं राहून “लेखकांवरचं काहीतरी द्या, पण कुठून सुरू करू?” असं विचारणाऱ्यांना मी जे सांगत आले, ते इथे लिहिते.

पहिलं म्हणजे, लेखकाच्या घरात मागच्या दाराने शिरा. पुढच्या दारात सत्काराच्या शाली असतात. मागे घरातलं कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्या माणसाने लिहिलेलं पुस्तक असेल तर ते आधी घ्या. पुलंनी सलग आत्मचरित्र लिहिलंच नाही. सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’ लिहिलं. रणजित देसाई ‘स्वामी’मुळे घराघरांत पोचले, त्यांच्या घरात काय चाललं होतं ते माधवी देसाईंच्या ‘नाच ग घुमा’त आहे. नामदेव ढसाळांच्या कविता पाठ असणाऱ्यांनी त्यांच्या पत्नी मल्लिका अमर शेखांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ वाचलंच पाहिजे. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. पहिल्यांदाच वाचणार असाल तर हेच न्या. मी दुसरं देत नाही.

आत शिरलात की घरात लेखकाला काय म्हणतात ते ऐका. लक्ष्मीबाई नवऱ्याला, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना, पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. सुनीताबाईंचे पुलं हे ‘भाई’. ज्यांना आपण बालकवी म्हणतो ते लक्ष्मीबाईंच्या घरी वावरतात ते ‘ठोंबरे’ म्हणून. कथाकार जी. ए. कुलकर्णी त्यांच्या बहिणीच्या, नंदा पैठणकरांच्या पुस्तकात ‘बाबुआण्णा’ आहेत, आणि धारवाडच्या त्या एकांतप्रिय माणसाची एवढ्या एका हाकेने ओळखच बदलते. दया पवारांनी तर ‘बलुतं’मध्ये गंमतच केली. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. गावातला दगडू आणि छापील दया, एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवले आहेत. ‘बलुतं’ वाचताना बोलतोय कोण आणि ऐकतोय कोण, हे दर दहा पानांनी स्वतःला विचारायचं. नाहीतर पुस्तक निम्मंच हाती लागतं.

आता वहीचं. दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: सन, घरात काय झालं, छापून काय आलं. कंटाळवाणं वाटेल, पण टिळकांच्या बाबतीत करून बघा. 1895, टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा. 1900, लक्ष्मीबाईंचा. वहीत या दोन ओळी एकीखाली एक येतात आणि मध्ये बोटभरही जागा उरत नाही. पुस्तकात मात्र त्या पाच वर्षांतला मोठा काळ एक बाई नवऱ्याविना, लहान मुलाला घेऊन, लोकांची बोलणी खात जगते आहे. वहीत जिथे दोन ओळी चिकटल्या असतील तिथे पुस्तक हळू वाचायचं. तिसऱ्या रकान्याचा उपयोग वेगळा. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत आलं, 1934 ते 1936. टिळक 1919 साली गेले. म्हणजे पहिला भाग छापून आला तेव्हा त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यातले संवाद शब्दशः धरू नका. त्यातला सूर मात्र धरा, तो सच्चा आहे. याउलट ‘आहे मनोहर तरी’ आलं 1990 साली, आणि पुलं होते 2000 सालापर्यंत. ‘नाच ग घुमा’ 1988 चं. देसाई गेले 1992 साली. नवरा हयात असताना लिहिणं आणि गेल्यावर लिहिणं, यांत पडणारा फरक बायकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वहीबरोबर आणखी एक करायचं: एक वस्तू धरून पुस्तक वाचायचं. मी ‘स्मृतिचित्रे’ तिसऱ्यांदा वाचलं ते फक्त सोवळं धरून. (पेन्सिल नको, पुस्तक वाचनालयाचं आहे. एसटीची जुनी तिकिटं खुणेला घाला.) सुरुवातीला नाशिकजवळच्या जलालपूरचं गोखल्यांचं घर येतं आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं. घरातली पोरंबाळं त्या वेडापायी हैराण. आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवतात. मग ती मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन टिळकांकडे येते, टिळक धर्म बदलतात, आणि तिच्या लक्षात येतं की ज्याला हसलो ते सोवळं आपल्याही अंगात मुरलेलं आहे. नवऱ्यावर जीव आहे, पण त्याच्या हातचं पाणी कसं घ्यायचं? पुढची पानं तिकिटं घालून वाचा. कुणी उपदेश केला म्हणून सोवळं सुटलं असं होत नाही. ते पाण्याच्या तांब्यापाशी, चुलीपाशी, थोडं थोडं सुटत जातं. माझी सासू कडक सोवळ्यातली होती. ती पानं मी तिला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, “ते कालचं पुढं वाच.”

अशी एक वस्तू प्रत्येक पुस्तकात सापडते. पैसा धरून टिळकांचा संसार वाचलात तर डोक्याला हात लावाल.

आता माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. बालकवी 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे असताना. हे वाचून मी भारावले होते. वाचनालयात दहावीची मुलं आली होती, त्यांना ‘औदुंबर’ समजावून सांगताना शेवटच्या ओळीपाशी आले, “पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर”, आणि ते काळं पाणी म्हणजे कवीचं मरण असं ठोकून दिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण बाई, कविता तर आधीचीच असणार ना?” मी गप्प. तेव्हापासून नियम केला: चरित्र वाचून कवितेकडे जायचं, पण चरित्राची किल्ली कवितेच्या कुलपात फिरवायची नाही. ठोंबरे कळले म्हणून झरा आणि शेतमळे जास्त हिरवे दिसले तर दिसू देत, तेवढं पुरे.

प्रस्तावना शेवटी वाचा. ‘झोंबी’ला पुलंची प्रस्तावना आहे, आणि ती इतकी चांगली आहे की आधी वाचली तर पुढचं सगळं पुलंच्या डोळ्यांनी दिसतं.

पत्रं मिळाली तर सोडू नका. जी. एं.च्या पत्रांच्या पहिल्या खंडात सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं आहेत, आणि सुनीताबाईंची बाजू ‘प्रिय जी. ए.’मध्ये. दोन्ही पुस्तकं एकदम न्या आणि तारखा लावून आलटून पालटून वाचा. एका कार्डावर दोन पुस्तकं मिळत नसतील तर घरातल्या दुसऱ्या माणसाचं कार्ड वापरा. आमच्याकडे सगळे तेच करायचे आणि मी बघितलं नाही असं करायची.

दुसऱ्याने शोधून लिहिलेली चरित्रं या सगळ्यानंतर. त्यांत मला जया दडकरांचं ‘चिं. त्र्यं. खानोलकरांच्या शोधात’ आवडतं, कारण नावातच कबुली आहे की माणूस अजून सापडायचा आहे. कुडाळला खाणावळ सांभाळणारा माणूस आरती प्रभू या नावाने कविता कशा लिहीत होता, हा प्रश्न घेऊन ते वाचा.

तो तालमीतला मुलगा नंतर ‘झोंबी’चे पुढचे भाग, ‘नांगरणी’ आणि ‘घरभिंती’ही घेऊन गेला. ‘काचवेल’ अजून त्याच्याच नावावर आहे. मी निवृत्त झाले तेव्हा रजिस्टरमध्ये तेवढी एकच ओळ तांबड्या शाईने राहिली होती.